राणीचा टोप

माझे सासरे शाळांच्या नाटकांना भाड्याने पोशाख देतात. राजा, राणी, परी, राक्षस, म्हणाल ते सोंग मिळेल. गल्ली त्यांना ‘महाराज’ म्हणते, मी मामंजी म्हणते. पोराचं डोकं नुसतं बघून केसांच्या टोपाचं माप सांगतात, आणि भाडं परवडत नसेल तर परीचे पंख फुकटसुद्धा देतात. पोरं त्यांच्या गळ्यात पडतात. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझा तोल जाणार आहे.

दुकानामागच्या खोलीत खुंट्यांवर बावीस टोप लटकलेले असतात. शी, तो वास. शिळं तेल, डिंक, शेकडो डोक्यांचा घाम. आतलं अस्तर कधीकाळी पांढरं होतं म्हणे. बोट लावावं तर चिकटतं. राणीच्या टोपातून एकदा माझ्या तळहातावर वाळलेली खपली पडली, तिला केस चिकटलेले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

‘मामंजी, एकदा धुऊन काढू का सगळे?’

‘धुतले की कुरळेपणा गेलाच समज. झिपरी राणी कोण नेणार? अत्तर मार दोन फवारे.’

मी नाक दाबून फवारे मारायचे आणि टोप पिशवीत घालून शाळेत पाठवायचे. पंधरा वर्षं.

यंदा शाळेच्या नाटकानंतर माझ्या आठ वर्षांच्या लेकीच्या डोक्यावर रुपयाएवढा चट्टा उठला. मामंजी म्हणाले, केसतूड आहे, आणि कुठलंतरी मलम चोळत राहिले. मीही गप्प बसले. पंधरा दिवसांत तिथे लिंबाएवढं गळू झालं. दाबलं की पू यायचा, आणि कंगवा लावला की केसांचा पुंजकाच हातात. पोटची पोर, पण तिच्या उशीचा अभ्रा मी चिमटीत धरून उचलत होते. स्वतःचीच लाज वाटायची, तरी चिमूट सुटत नव्हती.

शेवटी मी आणि मामंजी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं.

‘बुरशी आहे. नायटाच, पण केसांच्या मुळात शिरलाय. नुसत्या मलमाने जात नाही, काही आठवडे गोळ्या घ्याव्या लागतील. आधी का नाही आलात?’

‘केस येतील ना?’ मी विचारलं.

‘बाकीचे येतील. मधल्या जागेचं आज सांगता येत नाही. हिने दुसऱ्या कुणाची टोपी, कंगवा वापरला होता का?’

‘कंगवा,’ लेक म्हणाली. ‘माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा. ती राणी झाली होती. तिच्या डोक्यालापण असंच झालंय.’

मामंजी छताकडे बघत राहिले.

गोळ्यांनी गळू बसलं, कडेने केस आले. मधे मात्र लिंबाएवढी गुळगुळीत जागा राहिली. ‘इथे आता येणार नाहीत,’ डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं. लेक शाळेत जाईना. तेव्हा मामंजींनी आपल्या खोलीतल्या कपाटाचं कुलूप काढलं आणि एक खोका आणला. आत राणीचाच टोप, कोरा करकरीत, अस्तर पांढरंशुभ्र.

‘घाल बाळा. डाग दिसणार नाही. याला कुणाचं डोकं लागलेलं नाही. तू शाळेत जायला लागलीस तेव्हापासून फक्त तुझ्यासाठी वेगळा ठेवलाय.’

किती मायेने बोलले. आणि मला शिसारीच आली. म्हणजे यांना पहिल्यापासून माहीत होतं. नातीच्या डोक्याला तो घाणेरडा टोप नको, हे कळत होतं.

लेकीने टोप हातात घेतला, अस्तर निरखून पाहिलं.

‘मग आजोबा, माझ्या मैत्रिणीला हा का नाही दिला?’

मामंजी माझ्याकडे बघू लागले, जणू मी काहीतरी सांभाळून घेईन. त्या नाटकाच्या सकाळी राणीच्या टोपावर अत्तर मीच मारलं होतं, आणि लेकीला बजावलंही होतं, ‘तू मात्र दुकानातला टोप डोक्याला लावायचा नाहीस हं.’

लेक आता माझ्याकडे बघत होती.