दिवाळीचे दोन रुपये आणि मागून आणलेलं लुगडं

नांदुऱ्याच्या कापूस बाजारात गाडी विकली गेली की शेतकऱ्याच्या पैशांतून थोडा धर्मादा कापून घेत. व्यापारी तो वर्षभर साठवत आणि वसुबारसेच्या सकाळी, मेलेल्या हमालांच्या बायकांना त्यातून दोन-दोन रुपये वाटत. माझे वडील कापसाच्या गठाणीखाली सापडून गेले होते, म्हणून आईचं नाव त्या यादीत होतं. वाटणारे दानशूर म्हणून मिरवत. पैसा मुळात कास्तकाराचा, हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर चीडच आली.

दुसऱ्या मोठ्या लढाईआधी त्या दोन रुपयांत महिन्याची ज्वारी येऊन वर थोडा गूळही व्हायचा. मग ज्वारी महागली, घासलेट मिळेनासं झालं, आणि कापड तर बघायलाही मिळेना. दोन रुपये मात्र दोनच राहिले. सरकी काढायच्या जिनातल्या कामगारांना महागाई भत्ता सुरू झाला होता, पण मेलेल्या हमालाला कोण भत्ता देणार? तरी त्या वर्षी आमची सगळी भिस्त त्या दोन रुपयांवरच होती. पाठीच्या दुखण्याने आईला महिनाभर मजुरीला जाता आलं नव्हतं आणि मडक्यात दोन दिवसांपुरती ज्वारी उरली होती.

आईकडे धड असं एकही लुगडं नव्हतं. होतं ते फाडून-जोडून त्याला इतक्या वेळा दंड घातले होते की मूळ रंग कोणता ते तिलाही सांगता आलं नसतं. आता तर ते बसता-उठता फाटत होतं. घरात चालून जाई, पण भर बाजारात मापाऱ्या-हमालांसमोर रांगेत उभं कसं राहायचं? आदल्या संध्याकाळी ती शेजारच्या मावशीकडे गेली. मावशीचा नवरा जिनात फिटर होता, त्यामुळे तिच्या पेटीत दोन चांगली लुगडी होती. विधवेच्या अंगावर डोळ्यांत येणार नाही असं निळं, बारीक काठांचं लुगडं तिनं शोधून काढलं. "घे वो बाई, सकायी हे नेसून जाय," ती म्हणाली.

सकाळी मी आईबरोबर गेले. अकरा वर्षांची असेन. रांगेतल्या सगळ्या बाया ठिगळांत होत्या, आई तेवढी नीटनेटकी. मला तिचा अभिमान वाटला, इतकी मी बावळट होते. आमचा नंबर आला तसं यादी घेऊन बसलेल्या मुनिमानं आईकडे चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, तुमचं तर बरं चाल्लेलं दिसते. एवढ्या महागाईत असं लुगडं! आमच्या घरच्या बायकायले भेटून नाही राह्यलं." आजूबाजूचे हसले. "ज्याले खरी गरज हाये त्याले घेऊ द्या," असं म्हणून त्यानं यादीतल्या तिच्या नावावर रेघ मारली.

मला राहवलं नाही. मी ओरडले, "ते आमचं नाही! मावशीचं हाये, मागून आणलं!"

सगळी रांग आमच्याकडे वळून पाहू लागली. मुनीम तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं टाक पुन्हा हातात घेतला आणि आईला विचारलं, "काय बाई, पोरगी खरं सांगते काय?"

नुसतं 'हाव' म्हणायचं होतं.

"लहान हाये, काहीबी बोलते," आई म्हणाली. "लुगडं माह्यंच हाये." आणि माझं मनगट धरून ती रांगेबाहेर पडली.

रस्त्यात मी तिच्याशी भांडले. "काऊन खोटं बोलली वं माय?"

"धर्माचं घ्याले आली होती, ते लोकाईले दिसतच होतं," ती म्हणाली. "अंगावरचंबी मांगून आणलं, हे कायले सांगू चारचौघांत?"

मला तिचा भयंकर राग आला. हा मान काय चुलीत शिजवायचा, असं वाटलं. आज तेव्हाच्या तिच्यापेक्षा कितीतरी म्हातारी झाले तरी तो राग पुरता गेलेला नाही.

घरी येऊन तिनं लुगडं धुतलं, वाळवलं, घडी घातली आणि परत द्यायला गेली. मावशीनं दारातच विचारलं, "भेटले का वं?"

"हाव, भेटले."

"पाह्य, माह्यं लुगडं लाभलं तुले!" मावशी हसली. आईही हसली. खरं कळलं असतं तर मावशीला दिवाळीचा घास गोड लागला नसता. आई दुसऱ्या दिवशी दुखती पाठ घेऊन कापूस वेचायला गेली आणि त्या दिवाळीला आम्ही कण्या खाल्ल्या.

पुढच्या वर्षी ज्वारी आणखी महाग झाली होती. वसुबारसेच्या सकाळी मावशी स्वतःच ते लुगडं घेऊन आली. "यंदाबी हेच नेस बाई, लाभते तुले." यादीत नाव उरलं नव्हतं, पण हे तिला सांगणार कोण? आईनं लुगडं नेसलं. मावशी दारात उभी राहून आम्हांला जाताना पाहत होती, म्हणून आम्ही बाजाराच्याच रस्त्याने निघालो. वळण गेल्यावर आई आडवाटेला लागली आणि रुळांपलीकडच्या बाभळीखाली जाऊन बसली. मीही बसले. बाजारातला गलका तिथवर ऐकू येत होता.

ऊन चढल्यावर ती उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि म्हणाली, "चाल, एवढ्या वेळात भेटले असते."