कीरनचे हात कधी मोकळे नसायचे

२००४ची गोष्ट. ओमानमध्ये इब्राला आमच्या कंपनीचं काम चालू होतं. मी वसईचा, सलीम तिथलाच, आणि नवाकोरा इंजिनिअर कीरन... आयर्लंडचा, तेविशीतला.

कीरन म्हणजे दंड कमावलेला गडी. खोलीत फिटनेस मासिकांतली पोस्टर्स, टीव्हीवर कायम मारधाडीचे सिनेमे. पुरुषाने कसं असावं हे तो त्यातून आणि गावच्या फुटबॉल टीमकडून शिकून आला होता.

पहिल्याच आठवड्यात सलीमने चालता चालता त्याचा हात हातात घेतला. तिथे दोस्त दोस्ताचा हात धरून चालतो, त्यात विशेष काही नाही. पण कीरन अंगावर पाल पडल्यासारखा दचकला... बुटाची लेस बांधायला खाली बसला.

दुसऱ्या दिवसापासून पठ्ठ्याच्या एका हातात फाइल, दुसऱ्यात पाण्याची बाटली. सलीमला वाटलं, काय कामसू पोरगा आहे. मी गालातल्या गालात हसायचो.

मग त्याचे वडील आठवडाभरासाठी आले. गायी पाळणारे शेतकरी, दारात वाकून शिरावं लागेल एवढे उंच. विमानतळावर बापलेकांनी दोन साहेबांसारखा शेकहँड केला. मुलगा परदेशात जाऊन मऊ पडला असं बाबांना वाटेल, याची कीरनला खरीच धास्ती होती. सलीमला आवर, असं त्याने मला दोनदा बजावलं.

आता हे मी सलीमला कुठल्या तोंडाने सांगणार?

शुक्रवारी आम्ही चौघे शेळ्यांच्या बाजारात गेलो. काका शेळ्यांचे दात बघू लागले, सलीम जाती सांगू लागला, आणि "यल्ला, चला" म्हणत त्याने काकांचा हात धरला. मी मनात म्हटलं, खलास. कीरनने तर मान फिरवली...

काकांनी हात सोडवलाच नाही. गप्पा मारत दोघं अख्खा बाजार फिरले. मग थांबून ते कीरनला म्हणाले, "तुझे आजोबा मला जत्रेत असंच न्यायचे. मी तुझा हात धरायचं कधी सोडलं, आठवत नाही बघ."

आणि त्यांनी दुसरा हात पुढे केला. कीरन कानापर्यंत लाल झाला. इकडेतिकडे पाहिलं... आणि धरला.

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. त्या वर्षी सुट्टीवर गेलो तेव्हा वसईच्या बाजारात मीही पप्पांचा हात धरला. पप्पा घाबरून म्हणाले, "काय रे, चक्कर येते काय?"

मी हो म्हणालो... घर येईपर्यंत त्यांनी हात सोडला नाही.