काकींची खुर्ची आणि धर्मादायच्या मॅडम

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून क्लासचा विजेचा बोर्ड बिघडवला. दर शुक्रवारी बिघडवायचो. मी मागून एखादी वायर सोडवायचो, नाहीतर मुद्दाम चुकीची जोडायचो, सुमन टॉर्च धरायची आणि तोंड भिंतीकडे करायची. काय बिघडवलं ते तिला कळता कामा नये, हा तिचाच नियम. "झालं का हो? हात भरून आला," म्हणाली. मी म्हटलं, झालं. तिनं बोर्डावर फडकं टाकलं, खोलीला कुलूप लावलं, आणि येताना कोथिंबीर घेतली. सकाळी ती उठलीच नाही. हार्ट, डॉक्टर म्हणाले.

मी वायरमन. शाळा चौथीपर्यंत. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत लोकांच्या भिंती फोडून वायरी घातल्या. काम सुटल्यावर घाटकोपरला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर वायरिंगचा क्लास काढला. म्हणजे सुमननं काढायला लावला, कारण मी घरी बसून टीव्हीला शिव्या घालायचो. फी नाही. येईल त्याला शिकवायचं. बायकाच जास्त आल्या.

पुढे नव्या कमिटीला ती खोली जिमसाठी हवी झाली. सेक्रेटरी पेडणेकर माणूस बरा. तो म्हणाला, "काका, धर्मादाय नोंदणी करून आणा. मग मी कमिटीत भांडतो. नुसता क्लास म्हटलात तर माझं कोण ऐकणार नाही." धर्मादाय म्हणजे लोकांच्या भल्यासाठी चालवलेली संस्था, असं सरकारनं तपासून मान्य करणं. सुमननं एका वकीलबाईंकडून अर्ज भरून घेतला. सुमन गेल्यावर तपासणीची तारीख आली.

मी खाली खोलीत जाणार नव्हतो. क्लास बंद होता. बोर्डावरचं फडकंसुद्धा मी उचललं नव्हतं. मग रेश्मा घरी आली. ती पवईच्या टॉवरमध्ये घरकाम करते, आमच्याकडे वायरिंग शिकत होती. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "काका, तुम्हाला दुःख आहे, कबूल. पण खोली गेली तर मी जन्मभर लादीच पुसू का?" मी चप्पल घातली.

तपासणीला आलेल्या मॅडम तरुण होत्या. पंखा लावा म्हणाल्या, पाणी प्यायल्या, मग विचारलं, इथे शिकवता कसं?

मी सरळ माणूस. म्हटलं, "शिकवत काही नाही. अजून किरकोळ कामं घेतो, तिथे नेतो. माझ्याबरोबर हिंडून शिकतात. मी पण तसाच शिकलो."

आमच्या लाइनीत हे अभिमानानं सांगतात. उस्तादामागे पिशवी धरून हिंडलेला तोच खरा कारागीर. मॅडमनी मात्र पेन खाली ठेवलं.

"काका, मग हे शिक्षण नाही. हा तुमचा धंदा आणि ह्या तुमच्या मदतनीस, असंच मला लिहावं लागेल."

मला राग आला. पण बाई उलट बोलत नव्हत्या, समजावत होत्या. त्यांचं म्हणणं असं की शिक्षण हे धर्मादाय काम आहेच, पण कोणीही काहीही शिकलं म्हणजे ते शिक्षण होत नाही. आधी काय, नंतर काय, याचा क्रम लागतो. शिकलेलं आलं की नाही, हे कोणीतरी तपासावं लागतं. दार सगळ्यांना उघडं पाहिजे, आपल्याच नात्यागोत्याला नाही. फी घेतली तरी चालते, पण नफा चालवणाऱ्याच्या खिशात जाता कामा नये.

खोली गेली, असं मी मनात म्हटलं. शेवटचं तिचं तेवढंच उरलं होतं.

तेवढ्यात रेश्मा म्हणाली, "मॅडम, काकांना काय ठाऊक नाय. ते काकी बघायच्या. शनिवारचं सांगू?"

मग तिनं सांगितलं. आधी एक बटण, एक बल्ब. ते आलं की जिन्याचा दिवा, जो खालूनही लागतो आणि वरूनही. मग पंखा. मग घरचा मेन बोर्ड. हा क्रम काकींचा. दर शनिवारी काकी त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायच्या. बोर्ड बिघडवलेला असायचा. बिघाड शोधायचा, दुरुस्त करायचा, आणि काय केलं ते काकींना सांगायचं. काकींना कळलं तर पुढचा धडा. नाही कळलं तर पुन्हा तोच.

"आणि काकींना विजेतलं किती कळायचं?"

"कायच नाय," रेश्मा म्हणाली. "म्हणून तर घाम फुटायचा."

मॅडम हसल्या. उठून त्या खुर्चीत बसल्या. "मला फ्यूजही बदलता येत नाही. सांगा मला."

रेश्मानं फडकं काढलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, बोर्डात शुक्रवारचाच बिघाड आहे. आमच्या दोघांचा. हा नको, दुसरा घे, असं म्हणायचं होतं. पण तोवर रेश्माचा हात बटणावर गेला होता.

तिनं बटण दाबलं. बल्ब लागला नाही. होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावला, दोन्हीकडे पेटला.

"मॅडम, नळाला पाणी आहे, पण मोरी तुंबलीय. वीज आली तशी परत जायला वाट लागते. ती वाट बंद आहे, म्हणून बल्ब लागत नाय."

"मग मोरी तुंबलीय कुठे?"

तिनं मेन बंद केला, बोर्ड उघडला, एकेक स्क्रू बघत गेली. "ह्या इथे. वायर घट्ट दिसते, पण वरचं प्लास्टिक न सोलताच दाबलीय. तांबं लागलंच नाय. काकांचंच काम, मुद्दाम केलेलं."

"कळलं," मॅडम म्हणाल्या.

रेश्मानं वायर सोलली, आवळली, मेन लावला. बल्ब लागला. मी तोंड भिंतीकडे केलं.

जाताना मॅडमनी विचारलं, यापुढे खुर्चीत कोण बसणार. मी म्हटलं, मीच बसेन.

"तुम्ही नाही चालणार काका. तुम्हाला सगळं येतं. क्रम कागदावर घाला, आणि तपासायला दुसरं माणूस बघा."

रेश्मानं सांगितलं, वकीलबाईंनी टाइप केलं. पुढे नोंदणीचा कागद आला. पेडणेकर कमिटीत भांडला, जिम गच्चीवर गेली. जन्मभर मला वाटायचं, आपल्याला काम येतं म्हणजे आपण शिकवू शकतो. पण खोलीत काही न येणारं एक माणूसही लागतं, आणि ते मिळणं सोपं नाही. येत नाही असं कबूल कोण करतो?

कागद आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुसऱ्या मजल्यावरच्या तावडेवहिनींची बेल वाजवली. त्यांना टेस्टर आणि स्क्रूड्रायव्हर सारखाच. त्यांना खाली आणलं, टॉर्च हातात दिला आणि म्हटलं, तोंड भिंतीकडे करा.

"का हो?"

"नियम आहे," मी म्हटलं, आणि बोर्ड बिघडवायला घेतला.