जानरावांचा पायमोजा

जखम लपवणाऱ्या माणसाचा जानरावांना मनस्वी राग. मेहकरच्या एका दवाखान्यात ते एकतीस वर्षं ड्रेसर होते. डॉक्टरांनी पाहिलं की पुढचं काम त्यांचं: जखम धुवायची, सडलेलं काढायचं, औषध लावून पट्टी बांधायची. विळा लागलेले, गाडीवरून पडलेले, शुगरनं पाय कुजलेले, सगळे त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसून गेले. उशिरा येणाऱ्याची ते अशी खरडपट्टी काढत की बाहेर रांगेतली माणसंही पाय पोटाशी घेत. "घाव झाकून ठेवला तं त्याचं काय सोनं होते काय बे? दाखवाले लाज वाटते अन् पाय कापाले नाही वाटत?" तोंड असं चाललेलं, पण हात इतका हलका की शिव्या खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं पुन्हा हजर. "पट्टी रोज बदलावी लागते, एका दिवसाचं काम नसते हे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

अशा या माणसानं निवृत्तीनंतर सहाव्या वर्षी स्वतःची जखम तीन आठवडे लपवून ठेवली. आता याला काय म्हणावं!

जानराव आजोबांपासूनचे ख्रिस्ती. त्यांची मंडळी लहान, तीसेक घरांची, पत्र्याच्या देवळात जमणारी. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, तिथं पाय धुण्याची उपासना असते. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या संध्याकाळी येशूनं, गुरू असून, कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. या मंडळीत वडीलधारा माणूस आपल्याहून लहान अशा बारा जणांचे पाय धुतो. सुनांनी सासऱ्याचे पाय धुवायची रीत आजोबांच्या पिढीनंच मोडली होती, तिच्या बदल्यात ही आली. बावीस वर्षं हा मान जानरावांचा. निरोपाच्या वेळी दवाखान्यातल्या लोकांनी दिलेलं पांढरं तामचिनीचं भांडं ते त्या दिवसासाठी घासून पुसून ठेवत. येशू समजून घ्यायचा तर त्याच्यासारखं वाकायला शिकावं, असं ते सांगत. खोटं नव्हतंच ते, फक्त अर्धं होतं.

मुलगा प्रेमानंद एसटीत कंडक्टर, बहुतेक वेळ रस्त्यावर. त्याची बायको सारिका देऊळगाव राजाच्या बौद्ध घरातली. "तुह्या मनाविरुद्ध इथं काही होनार नाही," असं जानरावांनी तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं आणि शब्द पाळला होता. ती कधीमधी उपासनेला येई, शेवटच्या बाकावर बसे आणि घरी आल्यावर प्रश्न विचारी. विचारल्याशिवाय काही मानायचं नाही, हे तिला माहेरी लहानपणापासून शिकवलेलं.

एका दुपारी तूरडाळ निवडता निवडता तिनं विचारलं, "मामाजी, येशू तुमचा कोण?"

"देवाचा पुत्र," जानराव म्हणाले. "आपल्या पापांसाठी मेला, तिसऱ्या दिवशी उठला. जित्ता हाये."

"ते मला आता पाठ झालं. ते सगळ्यांचं झालं. तुमचा कोण?"

जानरावांनी डाळीतला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"आन् तो सापडला म्हणता, मग रोज सकाळी डोळे मिटून पुन्हा काहून शोधता?"

उभ्या तालुक्याला गप्प करणारा माणूस सुनेपुढून उठू लागला. म्हणाले, "चहा टाक बरं थोडा."

त्याच वेळी डाव्या पायातल्या मोज्याखाली ती जखम चिघळत होती. शुगरनं पायांची जाणीव गेलेली. बाभळीचा काटा करंगळीच्या बुडाशी कधी रुतला ते कळलंच नाही, न्हाणीतल्या फरशीवर रक्त दिसलं तेव्हा कळलं. दुसऱ्यांचे हजारो तळवे पाहिलेल्या माणसाला स्वतःचा तळवा काही नीट दिसेना. दाराला कडी लावून, दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून, अंग पिळवटून ते पट्टी बांधू लागले. एवढ्या उन्हाळ्यात मोजे कशाला, असं सारिकानं विचारलं तर म्हणाले, टाचा फुटल्या. मग वास यायला लागला. त्या वासाचा अर्थ त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. बोट जाणार, आणि आणखी थांबलं तर पाय जाणार, हे त्यांना स्वच्छ कळत होतं.

तरी ते दवाखान्यात गेले नाहीत. ड्रेसिंगच्या खोलीत आता कुलदीप होता, त्यांनीच हाताला धरून शिकवलेला. त्याच्यासमोर त्याच स्टुलावर कोणत्या तोंडानं बसायचं? रोजच्या प्रार्थनेत ते मुलाची ड्युटी, शेजारणीचं ऑपरेशन, सगळं देवाच्या कानावर घालत. पायाबद्दल एक अक्षर नाही. देवापुढेही ते मोजा घालूनच बसत होते.

तो गुरुवार आला. देवळाचा पत्रा संध्याकाळीही तापलेला. बारा खुर्च्या मांडल्या होत्या, पण एक बाई आजारी पडल्यामुळे बारावी रिकामी राहिली. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी मागे बसलेल्या सारिकाकडे पाहिलं. "यायचं असलं तर ये," ते म्हणाले. ती उठून पुढे आली.

जानराव गुडघ्यांवर सरकत एकेकाचे पाय धूत आले. शेवटी सुनेचे धुतले, रुमालानं टिपले. उठायला गेले तर डावा पाय साथ देईना. सारिकानं दंड धरला आणि तिची नजर खाली गेली. पांढऱ्या मोज्यावर पिवळा, ओला डाग होता. खोलीत उंदीर मेला असेल म्हणून आठवडाभर तिनं कपाटं सरकवली होती. आता उलगडा झाला.

"मामाजी, तुम्ही बसा," ती हळूच म्हणाली.

"धुनाऱ्यानं बसायचं नसते."

"ती गोष्ट मी बी ऐकली आत्ता. त्याच्यात बी एकजण नको म्हणला होता."

"सुनेनं सासऱ्याचे पाय धुवायचे, ते आपल्यात बंद हाये."

"सून म्हणून नाही," सारिका म्हणाली. "बसा तुम्ही."

जानरावांना पेत्र आठवला. माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत, असं ताठपणे म्हणणारा शिष्य. नाही धुऊ दिलेस तर तुझा-माझा काही संबंध उरणार नाही, असं येशूनं त्याला सांगितलं होतं. पेत्राचा हा आडमुठेपणा जानरावांनी बावीस वर्षं मंडळीला हसत हसत सांगितला होता. आज हसू आलं नाही. ते खुर्चीवर बसले.

सारिका मोजा काढू लागली. तो चिकटला होता. "ओढू नको," जानराव सवयीनं म्हणाले, "वरून पानी टाक, भिजू दे." तिनं भांड्यातलं वापरलेलं पाणी बाहेर फेकलं आणि माठातलं चांगलं पाणी आणून थोडं थोडं ओतलं. मोजा निघाला, वास पसरला. नाकाला पदर कोण लावतो ते जानरावांनी आधी सगळीकडे पाहून घेतलं. मग समोर पाहिलं. सारिकानं पाय मांडीवर घेतला होता आणि तोंड फिरवलं नव्हतं.

"लाज वाटते वं बाई मले," ते म्हणाले आणि रडले.

इतकी वर्षं ते येशूच्या जागेवर गुडघे टेकत आले होते, खुर्चीवर कधी बसलेच नव्हते. जो आपल्यापुढे वाकला आहे, ज्याला या वासाची किळस नाही, जो अजून थांबला आहे, त्याला आज ते प्रथमच इतक्या जवळून पाहत होते. दुखत होतं म्हणून नव्हे, पायाला तर काही कळतच नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं म्हणून ते रडत होते.

पाळकसाहेबांनी गाडी काढली. दवाखान्यात कुलदीप ड्युटीवर होता. त्यानं पाय पाहिला, मग गुरूच्या तोंडाकडे पाहिलं. "घाव झाकून ठेवला तं त्याचं काय सोनं होते काय, जानरावकाका?" मग तो डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, करंगळी काढावी लागेल, पाय वाचेल, चार दिवस उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

रविवारी, येशू उठला त्या सणाच्या सकाळी, सारिका डबा घेऊन वॉर्डात आली तेव्हा जानराव डोळे मिटून बसले होते. ओठ हलत होते. ती थांबली. तेवढ्यात कुलदीप ड्रेसिंगचं सामान घेऊन आला आणि जानरावांनी डोळे उघडले.

"सारिका, तू विचारलं होतं," ते म्हणाले, "माहा तो कोन. ज्याच्यापुढं मोजा काढता येते, तो. एवढंच समजलं मले."

"आन् रोज काहून शोधता ते?"

जानरावांनी चादर बाजूला केली आणि पाय स्वतः कुलदीपच्या पुढे केला.

"पट्टी रोज बदलावी लागते," ते म्हणाले.

सारिकानं डबा खाली ठेवला आणि उजेड नीट पडावा म्हणून खिडकी उघडली.