बाईंना लावलेलं कडू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, माझ्या चेहऱ्यावरून सगळं ओळखणाऱ्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? कदाचित तुम्ही माझ्या घरी कधी जेवायला येणार नाही म्हणून. ज्याच्या ताटात रोज वाढायचं, त्याच्यासमोर असलं बोलायला जीभ रेटत नाही.

आधी बाई कोण, ते सांगते. माझ्या सासूबाई. पुणतांब्याला अख्खं घर त्यांना बाईच म्हणतं — मुलं, सुना, आणि बोलायला लागल्यावर माझी मनूही. मनू झाली तेव्हा आम्ही नवरा-बायको दोघंही सुप्याला कंपनीत कामाला होतो. माझी रजा संपली तशा बाई आपलं घर, गाई, आमचे सासरे, सगळं मागे ठेवून आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. मनूला न्हाऊ घालणं, भरवणं, निजवणं सगळं त्याच करायच्या. मी कंपनीच्या बसमधून उतरून घरी यायचे तेव्हा मनू त्यांच्या कडेवरून माझ्याकडे बघायची — पाहुण्याकडे बघावं तशी. मला ते लागायचं. पण तक्रार कुठल्या तोंडाने करणार? आयत्या बिळावरचा नागोबा तर मीच होते.

मनूचं अंगावरचं दूधही बाईंनीच तोडायला लावलं. पोरगी काही केल्या सोडेना, तेव्हा त्यांनी कडुलिंबाचा पाला वाटून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "लाव. कडू लागल्याबिगर सुटायचं न्हाई. दोन दिस रडंल, मंग आपसूक इसरंल." आमच्याकडे सगळ्या बाया हेच करतात. मनूने तोंड लावलं, चेहरा वाकडा केला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मलाच रडू आलं. पण सुटलं. बाई म्हणाल्या तसंच झालं.

मग कंपनीने नवऱ्याला जर्मनीला पाठवलं. न्यूरेंबर्गला. बाई गावी परतल्या आणि आम्ही तिघं तिथल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन पडलो. तुम्ही कधी अशा घरात राहिलायत का, जिथे दाराबाहेर कुणाच्या चपलेचा आवाजही येत नाही? नवरा अंधारात जायचा, अंधारात यायचा. मला नोकरी नव्हती, भाषा नव्हती. मनूला पाळणाघरात जागा मिळत नव्हती. दुकानातल्या मुलीला म्हटलेलं 'डांके', म्हणजे धन्यवाद, एवढंच माझं दिवसभराचं मोठ्या माणसाशी झालेलं बोलणं. आणि घरात मनू. बूट घालून दारात उभी राहणारी. "बाईकडे चल" — बस, एवढंच.

बाई रोज व्हिडिओ कॉल करायच्या. फोन चालू असेपर्यंत मनू खुश. तिकडून गाय दाखवायच्या, मांजर दाखवायच्या. फोन ठेवला की मनू जमिनीवर अंग टाकायची. मी उचलायला गेले की मला लाथा मारायची. मी आई आहे ना तिची? मग माझ्या मांडीवर ती शांत का होत नाही? खालच्या मजल्यावरची म्हातारी काठीने छत ठोकायची. मी मनूचं तोंड छातीशी दाबून धरायचे, आणि खरं सांगते, त्या वेळी मला राग यायचा तो मनूचा नाही, म्हातारीचा नाही. बाईंचा यायचा.

अशीच एक दुपार. मनू रडून लालबुंद झालेली, खालून ठकठक चालू, आणि मी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले —

थांबा. इथवर येऊन अजूनही वाटतंय की दुसरंच काहीतरी सांगावं.

मी म्हणाले, "रडू नकोस. रडलीस तर बाई येईल. बाईचे हात लई लांब आहेत. फोनमधून बाहेर येतात आणि रडणाऱ्या मुलांना ओढून नेतात."

ती गप्प झाली. एकदम. हुंदका अर्धा गिळून माझ्या गळ्याला घट्ट बिलगली. इतकी घट्ट ती मला त्याआधी कधीच बिलगली नव्हती. आणि मला बरं वाटलं. रागाच्या भरात तोंडून गेलं, असं म्हणता आलं असतं, पण ते एकदाच झालं असतं तर. दुसऱ्या दिवशी जेवताना मी तेच म्हणाले. मग अंघोळीला. मग झोपताना. दूध तोडताना केलं होतं तेच करत होते मी, फक्त या खेपेला कडू बाईंना लावत होते. आणि मला ते पक्कं ठाऊक होतं.

थोड्याच दिवसांत फोन वाजला की मनू टेबलाखाली शिरायला लागली. बाई तिकडून विचारायच्या, "कुठं गेली माझी मनी? दाव की जरा." मी सांगायचे, "खेळतेय, लाजते हो आता." त्या हसायच्या. म्हणायच्या, "रमली म्हन की. ब्येस झालं."

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात आम्ही गावी गेलो. बाई ओट्यावर उभ्याच होत्या. त्या वर्षी त्यांचे उरलेसुरले दात काढले होते, त्यामुळे तोंड बसलं होतं, पण हसू तेच. मनू माझ्या कडेवर होती. बाईंनी तिच्यावरून भाकर-पाणी ओवाळून टाकलं आणि अलाबला घ्यायला दोन्ही हात तिच्या चेहऱ्याकडे नेले. बोटं मोडायची राहूनच गेली. मनू अशी किंचाळली की शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. तिने माझ्या अंगावरच शू केली. बाईंचे हात तसेच हवेत राहिले.

नवरा हसून म्हणाला, "अगं बाई, वर्षानं बघतीय, ओळखना तुला." शेजारीण म्हणाली, दृष्ट काढा. बाईंनी पदर तोंडावर ओढला आणि आत गेल्या. थोड्या वेळाने माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "माझ्या तोंडाला भ्यालं गं लेकरू. दात न्हाईत ना. बोळकं बघून भ्यालं."

आम्ही होतो तोवर बाई गोठ्यात राहिल्या. स्वतःच्या घरात. मनू ओट्यावर आली की त्या गाईच्या आडोशाला सरकायच्या. जेवणही तिकडेच मागवायच्या. मी ताट घेऊन जायचे तेव्हा गव्हाणीच्या कडेला बसलेल्या असायच्या. तिथून अंगणात खेळणारी मनू दिसायची. एकदा मला म्हणाल्या, "तू जीवाला लावून घेऊ नको. लेकरू हाय. आपलं कोन, परकं कोन, त्याला काय कळतंय?" मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "बाई, मीच तिला भीती घातली" — एवढंच तर म्हणायचं होतं. मी विचारलं, "भाजी आणखी आणू का?"

मनू आता शाळेत जाते. मराठी बोलते, जर्मन बोलते, त्या टेबलाखाली लपल्याचं तिला आठवतही नाही. मलाही आता मैत्रिणी आहेत, नोकरी आहे, शहर अंगवळणी पडलंय. बाई अजून आहेत. फोनवर मनूचा आवाज आला की स्वतःहून बाजूला होतात आणि फोन सासऱ्यांच्या हातात देतात.

परवा जेवताना मनूने विचारलं, "आई, मला बाईंची भीती का वाटते? त्यांनी मला मारलं होतं का?"

नवराही समोरच बसला होता. त्यानेही मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "नाही गं. तू लहान होतीस. त्यांच्या तोंडात दात नव्हते ना, म्हणून घाबरलीस."

तिने "अच्छा" म्हटलं आणि पुढचा घास घेतला.