ज्वारीतली स्कूटर

लग्नात माईक लावायचं माझं काम, त्यामुळे रिंग रोडजवळच्या त्या फंक्शन हॉलवर माझी कायमची ये-जा. या तेलुगू मुलखात मी काचीगुड्याचा मराठी, म्हणून हॉलचे मालक माझ्याशी मराठीत बोलतात. गाड्या मात्र ते बैल हाकल्यासारख्या खड्या आवाजात हाकतात. "नवरदेवाची कार वांग्यात घ्या! बसवाले, तुम्ही मिरचीत!" हॉल व्हायच्या आधी जिथं जे पिकायचं, तेच अजून त्या जागेचं नाव. पाहुणे गोंधळतात, वॉचमन नाही. शेत गेल्याचं वाईट वाटत असेल ना, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "गेलं कुठं? हे काय पायाखाली."

यंदा येळवशीला, म्हणजे उभ्या पिकाला आंबील शिंपायच्या अमावास्येला, एका कंपनीला पार्टीसाठी लॉन हवं होतं. मालकांनी साफ नाही म्हटलं. "त्या दिवशी शेतात घरचीच माणसं जेवतात." मला मात्र जेवायला बोलावलं.

जेवणं झाल्यावर त्यांनी आंबिलीचं मडकं उचललं आणि रिकाम्या पार्किंगच्या सिमेंटवर डहाळीनं आंबील शिंपत निघाले. मला हसू आवरेना.

"मालक, इथं आता काय उगवणार?"

"लगनसराईत ये. मोटारी कशा दाटतात बघ." मग त्यांनी माझ्या स्कूटरकडे बोट केलं. "आन ती ज्वारीतनं काढ आधी. तिथलं शिंपायचं राहिलंय."

मी स्कूटर सुरू केली नाही. कडेकडेनं, हातानं ढकलत बाहेर नेली.