दरीकडे पाठ करून उभे राहणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका तापट माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो मामांच्या धाकाने गप्प बसला असेल. कोंबडा आरवला की मामा त्याच्यावर चिडतात आणि नाही आरवला तर जास्त चिडतात. टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईला उलट उत्तरं देतात. एकदा चहा अगोड झाला म्हणून मामींवर ओरडायला लागले, आणि मध्येच त्यांना आठवलं की आज चहा आपणच केलाय. आता आवाज तर चढलेला! मग उरलेलं सगळं त्यांनी साखरेला सुनावलं.

त्यांचं गाव किन्हवलीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. वर एक कडा आहे. पूर्वी तिथे गुराख्यांशिवाय कुणी फिरकत नसे. मग कुणा शहाण्याने त्या कड्याचा 'पॉइंट' केला आणि फोनमधल्या नकाशावर त्याची खूण टाकली ती नेमकी मामांच्या खळ्यात. तेव्हापासून दर रविवारी कल्याण-डोंबिवलीच्या गाड्या थेट भाताच्या पेंढ्या रचलेल्या उडव्यापाशी येऊन थांबतात आणि काचा खाली करून विचारतात, "अंकल, व्ह्यू कुठंय?"

"ह्यो काय! मी उबा हाय ना समोर!"

एवढं ओरडून हा माणूस पुन्हा काठी घेऊन त्यांना स्वतः वर नेतो. का, तर वाट चटकन सापडत नाही. "कुटं पडले-झडले तर पोलीस माज्याच दारात येतील!" कड्यावर पोचलं की मामा दरीकडे पाठ करून उभे राहतात आणि फोटो काढणाऱ्यांना मागे हाकलत राहतात. इतक्या वेळा वर जाऊन त्यांनी स्वतः तो व्ह्यू कधी बघितला असेल असं मला वाटत नाही.

माझा खरा राग मात्र वेगळाच आहे. परक्यांना वर नेणाऱ्या या गृहस्थांनी बायकोला कधी कुठेच नेलं नाही. मामींचं माहेर मुरबाडच्या बाजूला. किन्हवलीला या, एसटीची वाट बघा, सरळगावला उतरा, पुढे जीप मिळाली तर मिळाली. मामींनी विषय काढायचा अवकाश, "लांब हाय" म्हणून मामा निकाल लावायचे. भाऊबीजेला लांब, भाच्याच्या लग्नाला लांब. मामींची आई गेली तेव्हासुद्धा, "लांब हाय, पोचेस्तोवर उचलतील." हे बायकोने मला सांगितलं तेव्हा माझं जे डोकं फिरलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

म्हणून गेल्या हिवाळ्यात मी हट्टच धरला. मामी येणार असतील तरच मी कड्यावर येणार.

"तिला काय बगायचंय? तिला चूल हाय."

"मग मीही चुलीपाशी बसतो. भाकऱ्या थापतो."

जावयाने भाकऱ्या थापल्या तर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. मामा निघाले. वाटभर धोंड्यांवर, करवंदीच्या काट्यांवर आणि माझ्या बुटांवर तोंडसुख घेत होते. मामी चपला हातात घेऊन आमच्या पुढे, आणि भाकऱ्यांचा डबा माझ्याकडे.

वर पोचल्यावर मामी थेट कडेला गेल्या. "मागं हो गो!" मामा ओरडले, पण त्या हलल्या नाहीत. खाली बारीकशी नदी, पलीकडे शेतं, एक गाव, पिंपळाखाली पांढरं देऊळ.

"अवो, ह्यो आमचा गाव हाय," मामी म्हणाल्या. "ते देऊळ, ती शाळा... एवढा जवळ?"

मामा वळले आणि बघत राहिले.

"हितनं खाली वाट हाय?"

"हाय. गुरांची."

"मंग आय गेली तवा हितनं का नाय नेलंत मला?"

आता मामा उखडणार म्हणून मी भांडायच्या तयारीतच होतो. सगळं जमवून ठेवलं होतं मी. मामांनी काठी दुसऱ्या हातात घेतली, पुन्हा पहिल्या हातात घेतली.

"सुचलंच नाय गो," ते म्हणाले. "माहेर म्हनलं का एसटीच डोक्यात."

मामींनी पदर खोचला आणि त्या गुरांच्या वाटेने उतरायला लागल्या. मामा "थांब, काटं हायत!" करत मागे धावले, मामींच्या पुढे झाले आणि काठीने फांद्या बाजूला सारत फांद्यांनाच शिव्या घालायला लागले. मी आपला वर, डबा घेऊन एकटा. मघाशी जमवलेलं भांडण आता कुणाशी करणार?

हिवाळ्यात त्या नदीला घोट्याएवढंच पाणी असतं. दोघं ती ओलांडून देवळाकडे जाताना मला दिसली. त्या घरात आता भाऊ-भावजय आहेत, वाट बघणारी आई नाही, हे मामींना ठाऊक होतं. तरी त्या झपझप चालत होत्या, उशीर झाल्यासारख्या.